न ऐकूं येणारा नाद

गेल्या आषाढांतील गोष्ट. पैनगंगेला पहिला पूर येऊन गेला होता. सायंकाळीं पावसानें किंचित् उघडीप दिली म्हणून मीं माडीवरचा तंबोरा खालीं आणला. दमट हवेनें त्याच्या तारा पार उतरल्या होत्या. मला स्वतःला गाणें येत नाहीं. उभा जन्म मेहकरास शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला, आणि मुलांकडून रूपें घोकून घेण्यापलीकडे नादाशीं माझा कधीं संबंध आला नाहीं. तंबोरा आमच्या घरांतल्या मंडळींचा. लग्नांत तो माहेराहून बरोबर आला, आणि गेलीं चार वर्षें गवसणींत पडून होता. मी आपला अदमासानें खुंट्या पिळीत बसलों होतों, तोंच शेजारच्या खोलींतून शब्द आले, "पंचम अजून उतरलेला आहे. थोडा चढवा." मीं चढविला. "आतां जव्हारी पाहा. दोरा जरा पुढें घ्या." मीं दोरा सरकविला, आणि तार एकदम बोलूं लागली.

मी चकित झालों. कारण त्याच दिवशीं सकाळीं चहाचा पेला हातीं घेतांना तिनें मला अत्यंत आदबीनें विचारलें होतें, "आपण कोणाकडचे?"

चाळीस वर्षांच्या संसारानंतर पत्नीनें पतीस असा प्रश्न करावा, यांत हसण्याजोगें अधिक कीं रडण्याजोगें अधिक, हें ठरविण्यास मला पुष्कळ दिवस लागले. आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं या रोगाचें प्रथम वर्णन केलें, आणि रोगास त्याचेंच नांव पडलें. आमच्या घरीं तो पांच वर्षांपूर्वीं आला. प्रथम किल्ल्या हरवूं लागल्या, मग शब्द, मग बाजारांतून घरीं येण्याची वाट, आणि अखेरीस माणसें. अमिलॉइड नांवाच्या द्रव्याचीं पुटें मेंदूंत सांचतात, मज्जापेशी एकेक करून निकामी होतात, आणि जें सर्वांत अलीकडचें तें बहुधा सर्वांत आधीं पुसलें जातें. लहानपणीं गळ्यांत बसलेले स्वर मात्र पुष्कळ काळ टिकतात. म्हणून नवरा परका झाला, तरी पंचम ओळखीचा राहिला.

माझी थोरली मुलगी अमेरिकेंत न्यू जर्सीस असते. त्याच आठवड्यांत तिचा ई-मेल आला. तिनें लिहिलें होतें, "बाबा, आईला इकडे आणूं या. येथें ध्वनीनें मेंदूचें दार उघडून औषध आंत सोडण्याचे प्रयोग चालू आहेत. मीं सर्व चौकशी करितें. तुम्ही फक्त तिचे कागद पाठवा."

ध्वनीनें मेंदूचें दार उघडावयाचें! ज्यानें जन्मभर नादब्रह्माचे श्लोक मुलांस समजावून सांगितले, त्याला या वाक्याची भुरळ न पडती तरच नवल. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. नदीकांठचें चार एकर शेत विकलें तर प्रवासाचा व राहण्याचा खर्च भागेल, असा हिशेबही मीं मनाशीं करून टाकला. तथापि उत्तर लिहिण्यापूर्वीं धाकटीस विचारावें असें ठरविलें. ती बुलढाण्यास असते. शरीराच्या आंतील भागांचें चित्रण करण्याच्या शास्त्रांत तिनें वैद्यकीची वरची पदवी घेतली असून तेथेंच तिचा सोनोग्राफीचा दवाखाना आहे. दुसऱ्याच दिवशीं आम्ही दोघें चिखलीवरून बुलढाण्यास गेलों. वाटेंत घरांतल्या मंडळींनीं मला तीनदां विचारलें, "आपण कोठें चाललों आहोंत?" आणि तिन्ही वेळां "मुलीकडे" असें उत्तर ऐकून तितक्याच आनंदानें त्या हंसल्या. विस्मृतीचा हा एवढाच काय तो लाभ, कीं एकच सुख पुनःपुन्हां नवें होतें.

रात्रीं आई निजल्यावर धाकटीनें बहिणीचें पत्र वाचलें. तें खालीं ठेवून ती म्हणाली, "बाबा, लहानपणीं तुम्ही आम्हांला सिंदखेडराजास लखुजीराव जाधवांचा वाडा दाखवायला नेत होतां. तो दरवाजा आठवतो?"

आठवत होताच. जिजाबाईंचा जन्म जेथें झाला, त्या वाड्याचा तो उंच दरवाजा माझ्या कित्येक सहलींच्या मुलांनीं पाहिला आहे.

"मेंदूलाही तशीच देवडी आहे," ती सांगूं लागली. "शरीरांत इतरत्र रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बारीक फटी असतात. त्यांतून रक्तांतले पदार्थ सहज बाहेर पाझरतात. मेंदूंतल्या वाहिन्यांच्या पेशी मात्र एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या असतात, कीं ओळखीचा पाहुणा असल्यावांचून आंत कोणी जाऊं शकत नाहीं. प्राणवायु जातो, साखर तिच्या ठरलेल्या वाटेनें जाते. विष आणि जंतु बहुधा बाहेर राहतात. आणि दुर्दैवानें बहुतेक औषधेंही बाहेरच राहतात."

हा पहारा प्रथम कसा लक्षांत आला, ती हकीकत मोठी मनोरंजक आहे. १८८५ च्या सुमारास पॉल एर्लिख या शास्त्रज्ञानें प्राण्यांच्या रक्तांत रंग टोंचून पाहिला. सारे अवयव रंगले. मेंदू मात्र कोराच राहिला. एर्लिख यांस वाटलें, मेंदूला रंग धरतच नसावा. पुढें त्यांच्याच शिष्यानें, एडविन गोल्डमन यांनीं, १९१३ सालीं उलट प्रयोग केला. रंग रक्तांत न सोडतां मेंदूभोवतींच्या द्रवांत सोडला. तेव्हां मेंदू रंगला, आणि बाकीचें शरीर कोरें राहिलें. म्हणजे दोष रंगाचा नव्हता. मध्यें भिंत होती. ती भिंत कशाची, हें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं रीस आणि कार्नोव्हस्की यांनीं १९६७ सालीं दाखविलें, तेव्हां पेशींमधली ती घट्ट शिवण प्रथम डोळ्यांस दिसली. मनुष्याच्या मेंदूंतल्या केशवाहिन्या एकापुढें एक मांडल्या तर त्यांची लांबी सुमारें सहाशें किलोमीटर भरते. बुलढाण्याहून मुंबईस जावें आणि तेथून उलट नाशिकपर्यंत यावें, एवढी ती वाट; आणि तिच्या सबंध लांबीवर पहारा!

"मग ही देवडी ध्वनि कसा उघडतो?" मीं विचारलें.

तिनें दवाखान्याचा दिवा लावला व सोनोग्राफीचा हातांत धरावयाचा भाग माझ्या तळहातावर ठेविला. साबणाच्या वडीएवढा तो पदार्थ. त्यांत विजेनें थरथरणारे स्फटिकासारखे तुकडे असतात. स्फटिक दाबला असतां वीज उत्पन्न होते, हा धर्म पिएर आणि जाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं शोधिला. त्याच्या उलट, वीज दिली असतां स्फटिक कांपतो आणि ध्वनि निघतो. आपल्या कानांस सेकंदास फार तर वीस हजार कंपनें ऐकूं येतात; या यंत्राचा ध्वनि सेकंदास वीस लाखांपासून कोटीच्याही वर कंपनांचा असतो. शरीरांत तो सेकंदास सुमारें १५४० मीटर वेगानें जातो, अवयवांवर आपटून परततो, आणि परतण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र आंतलें चित्र काढितें. ग्लासगो येथील इयन डोनाल्ड यांनीं १९५८ सालीं गर्भाचीं व पोटांतल्या गांठींचीं अशीं चित्रें प्रसिद्ध केलीं, तेव्हांपासून ही विद्या वैद्यकांत रुळली.

"हा पाहणारा ध्वनि झाला," ती म्हणाली. "करणारा ध्वनि निराळा. लहानपणीं आम्ही भिंगानें उन्हांत कागद जाळीत होतों ना? कागद जळे तो एका बिंदूवर. हातावर पडणारें ऊन मात्र तेंच. तसें परातीच्या आकाराच्या शिरस्त्राणांत शेंकडों ध्वनियंत्रें बसवितात. टोरांटोस जें वापरलें, त्यांत १०२४ आहेत. प्रत्येकाचा ध्वनि एकटा दुबळा असतो. सारे मिळून मेंदूंतल्या एका ठरलेल्या जागीं, तांदळाच्या दाण्यासारख्या इवल्याशा भागांत, एकवटतात. कवटीच्या हाडांत ध्वनि शोषला जातो, आणि हाड कोठें जाड तर कोठें पातळ असल्यामुळें तो विसकटतोही. म्हणून तेथें कंपनसंख्या बरीच उतरवावी लागते, सेकंदास सुमारें दोन लक्ष वीस हजारांपर्यंत, आणि त्या त्या मनुष्याच्या कवटीचा नकाशा घेऊन प्रत्येक यंत्राची वेळ जुळवून घ्यावी लागते."

"पण नुसत्या ध्वनीनें शिवण उसवत नाहीं. त्यासाठीं शिरेंतून सूक्ष्म बुडबुडे सोडतात. स्निग्ध पदार्थाचें पातळ कवच, आंत जड वायु. आकारानें रक्तांतल्या तांबड्या पेशीहूनही बहुधा लहान. ते सर्व शरीरांत फिरतात, पण जेथें ध्वनि एकवटला असेल तेथेंच फुगूं व आकसूं लागतात. त्या हालचालीचा हलका धक्का वाहिनीच्या भिंतीला बसतो, आणि तेवढ्या जागीं शिवण सैल पडते. पुढें कांहीं मिनिटांत ते विरून त्यांतला वायु श्वासावाटे निघून जातो."

मला राहवेना. लोणार आमच्या तालुक्याच्या शेजारचें. अशनि आदळून काळ्या पाषाणांत झालेलें तें जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचें विवर आतां सर्वत्र विख्यात आहे. परंतु आम्हां जुन्या माणसांना त्याची दुसरीच कथा ठाऊक. लवणासुर तेथें जमिनीखालीं दडून बसला होता. विष्णूनें दैत्यसूदनाचें रूप घेऊन त्याच्या बिळावरचें झांकण पायाच्या नुसत्या अंगठ्यानें उडविलें, आणि दैत्याचा वध केला. "म्हणजे अंगठ्याच्या स्पर्शानें झांकण उडविण्यासारखेंच हें," मी उत्साहानें म्हणालों. "झांकण उडालें, औषध आंत गेलें, दैत्य मेला!"

ती हंसली. "तें झांकण दूर एका टेकडीवर जाऊन पडलें असें तुम्हीच सांगत होतां, बाबा. आमचें झांकण मात्र पुन्हां जागच्या जागीं बसावें लागतें. नाहीं तर औषधामागून सारा गांव आंत शिरेल. आणि अंगठ्याचा जोर किती लावावा, हाच तर सारा प्रश्न आहे."

या शेवटल्या वाक्यांत या विद्येचें मर्म आहे, असें मला पुढें कळलें. ध्वनीचा जोर कमी पडला तर कांहींच घडत नाहीं. अधिक झाला तर बुडबुडे एकाएकीं कोसळून फुटतात आणि बारीक रक्तस्राव होण्याचें भय असतें. डोळ्यांस तर आंतलें कांहीं दिसत नाहीं. बोस्टन येथें कुल्लेर्वो हायनिनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ सालीं सशांच्या मेंदूंत अशी देवडी प्रथम बुडबुड्यांच्या साह्यानें अलगद उघडून दाखविली, तेव्हां त्यांनीं एम.आर.आय. यंत्राचा आधार घेतला होता. मनुष्यावरच्या प्रयोगांतही पुष्कळदां तीच रीत. रोग्याचें डोकें भादरतात, तें शिरस्त्राणांत पक्कें बसवितात, आणि एम.आर.आय.च्या बोगद्यांत घालून नेम धरतात. नंतर एक विशिष्ट द्रव्य शिरेंतून देऊन तें मेंदूंत कोठें पाझरलें तें चित्रांत पाहतात. डोकें भादरावें लागतें, हें ऐकून माझ्या अंगावर कांटा आला. आमच्या आजीच्या पिढींत स्त्रियांच्या डोक्यावरून वस्तरा कां फिरे, हें वाचकांस सांगावयास नको.

"पण आतां दुसरी वाट निघते आहे," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. आपल्या विद्येविषयीं बोलतांना चांगल्या कारागिराचा बदलतो तसा. "ज्या ध्वनीनें दार उघडावयाचें, त्याच्याच साह्यानें तें उघडलें कीं नाहीं हेंही पाहावयाचें. बुडबुडे कांपूं लागले कीं स्वतःच बोलतात. तुमच्या तंबोऱ्यासारखे. षड्जाची तार छेडली कीं तींतून न छेडलेला गंधार ऐकूं येतो ना?"

"स्वयंभू गंधार," मी म्हणालों. एवढें मला पत्नीकडून ठाऊक होतें.

"तसेंच. बुडबुडा शांतपणें कांपत असला, तर पाठविलेल्या स्वराच्या दुपटीचे, निमपटीचे असे नियमित स्वर त्यांतून परत येतात. तो फुटूं लागला, कीं सारे स्वर एकदम मिसळून नुसता खरखराट होतो. डोक्याशीं ठेवलेलें यंत्र तें ऐकत असतें. नियमित स्वर येत आहेत तोंवर ठीक. खरखर आली कीं तत्क्षणीं जोर उतरवावयाचा. शिवाय एकाऐवजीं अनेक कानांनीं ऐकलें, तर कोणता स्वर कोठून आला तेंही कळतें, आणि पडद्यावर त्याचा नकाशा उमटतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत एलिसा कोनोफागू यांच्या मंडळानें असें हलविण्याजोगें यंत्र करून अल्झायमरच्या रुग्णांवर योजून पाहिलें आहे. एम.आर.आय.चा नकाशा आधीं घ्यावाच लागतो, नंतरही पडताळा पाहतात. पण प्रत्यक्ष क्रियेच्या वेळीं त्या बोगद्यांत निजावें लागत नाहीं."

मीं आनंदानें म्हटलें, "मग थोरलीला लिहितों, आम्ही येतों म्हणून."

ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें मला एकेक गोष्ट स्पष्ट सांगितली. एखाद्या परक्या रोग्याच्या नातेवाइकास सांगावी तशी. टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयांतील प्रयोग २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. रुग्ण पांच. त्यांच्या मेंदूंतली देवडी ठरल्या जागीं उघडली आणि चोवीस तासांच्या आंत मिटली, एवढेंच त्यांत सिद्ध करावयाचें होतें, आणि तेवढें सिद्ध झालें. वेस्ट व्हर्जिनियांत अली रेझाई यांच्या मंडळानें तीन रुग्णांस अमिलॉइड काढून टाकणारें औषध दर महिन्यास असें सहा वेळां दिलें, आणि दर वेळीं मेंदूच्या कांहीं भागाची देवडी ध्वनीनें उघडली. २०२४ च्या आरंभीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. ज्या भागावर ध्वनि सोडला होता तेथें अमिलॉइड, न सोडलेल्या भागापेक्षां, सरासरी ३२ टक्के अधिक उतरलें. तें अडुकानुमॅब नांवाचें औषध बंद करण्याचें त्याच्या कंपनीनें त्याच वर्षीं जाहीर केलें. आतां त्या जातीचीं दुसरीं औषधें आहेत.

"पुटें कमी झालीं, बाबा. स्मृति परत आली असें कोणींही म्हटलेलें नाहीं. आणि हे प्रयोग आरंभींच्या अवस्थेंतल्या माणसांवर करतात. आई त्या उंबरठ्याच्या फार पलीकडे गेली आहे. तिला तेथें कोणी घेणार नाहीं, आणि घेतलें तरी मी नेऊं देणार नाहीं. दार उघडणें निराळें, आणि आंतलीं गेलेलीं माणसें परत येणें निराळें."

मला राग आला. दुःखाचा राग नेहमीं जवळच्या माणसावरच निघतो. "तूं तिची डॉक्टर आहेस कीं मुलगी आहेस?" असें मी बोलून गेलों. तिनें दिवा मालविला आणि म्हणाली, "उशीर झाला, निजा आतां."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरांतल्या मंडळींच्या पोटांत दुखूं लागलें. पित्ताशयांत खडे असावेत अशी धाकटीस शंका आली, म्हणून तिनें आईस दवाखान्यांत नेऊन मेजावर निजविलें. मी हात धरून शेजारीं बसलों. भिंतीवर, प्रत्येक सोनोग्राफीच्या दवाखान्यांत असते तशी, पाटी होती: येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं, तो कायद्यानें गुन्हा आहे. महाराष्ट्रानें १९८८ सालीं हा कायदा सर्व देशांत प्रथम केला. सबंध देशासाठीं तो १९९४ सालीं झाला. तरीही २०११ च्या शिरगणतींत आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली भरल्या ८५५. जिजाबाईंच्या जिल्ह्यांत! जो ध्वनि ग्लासगोंत आयांच्या रक्षणार्थ योजला, त्याचें आम्ही काय केलें, तें हा आंकडा सांगतो. त्यामुळेंच येथें सोनोग्राफीचें प्रत्येक यंत्र सरकारदरबारीं नोंदलेलें असतें, आणि तें एका जागेहून दुसऱ्या जागीं मनास येईल तसें हलवितां येत नाहीं.

धाकटीनें आईच्या पोटावर थंड लेप लावला. पडद्यावर करडीं चित्रें हालूं लागलीं. आईनें मान वळवून तीं पाहिलीं, मग यंत्राशीं बसलेल्या बाईंकडे पाहिलें, आणि माझा हात घट्ट धरून, अगदीं स्वच्छ, तरुण आवाजांत ती म्हणाली:

"डॉक्टरीणबाई, मुलगा कीं मुलगी तें यांना सांगूं नका हं. जें असेल तें मला हवें आहे."

खोलींत क्षणभर यंत्राची घरघर तेवढी ऐकूं येत होती.

येथें मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ती मीं आजवर कोणासही सांगितलेली नाहीं. १९९१ सालीं पत्नीस दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिली मुलगी होती. जवळच्या आप्तांपैकीं एका वडीलधाऱ्या माणसानें मला बाजूस घेऊन सांगितलें, कीं मोठ्या शहरांत आंतलें काय तें कळतें, आणि नको असेल तर सोयही होते. आपल्याला काय, एकदां पाहून यावयाचें. कायदा होऊन तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं, आणि हें मला ठाऊक होतें. मी 'नाहीं' म्हणालों नाहीं. मी 'होय'ही म्हणालों नाहीं. मी गप्प बसलों, आणि दुसऱ्या दिवशीं एस.टी.च्या स्थानकावर जाऊन गाडीची वेळ पाहून आलों. तेवढीच काय ती माझी कृति. ती वेळ मीं घरीं सांगितली, तेव्हां भाकरी थापीत असलेल्या माझ्या पत्नीनें मान वर न करितां म्हटलें, "जें असेल तें मला हवें आहे." तो विषय तेथेंच संपला. पुढें चौतीस वर्षांत त्यावर आमच्यांत एक शब्द झाला नाहीं. ती विसरली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालीत आलों. आज ती सारें विसरली आहे, आणि तेवढें एक विसरलेली नाहीं.

धाकटीनें माझ्याकडे पाहिलें. ती बुद्धिमान् आहे. तिला वर्षाचा हिशेब करावयास क्षणही लागला नसेल. तिनें विचारलें नाहीं, आणि मीं मान खालीं घातली, हेंच तिला उत्तर मिळालें. मग ती आईकडे वळली आणि तिच्या कपाळावरचे केस सारीत म्हणाली, "नाहीं सांगत. कायद्यानें मला सांगतांच येत नाहीं. आणि तुम्हांला हवें आहे म्हटल्यावर कोणाला विचारायचें आहे?"

आईचें समाधान झालें. पित्ताशयांत दोन लहान खडे निघाले. पथ्यावर भागेल असें ठरलें.

दुपारीं परत निघतांना मी दारांत घोटाळलों. काल रात्रीं बोललेलें परत घ्यावयाचें होतें, आणि चौतीस वर्षांपूर्वीं न बोललेलें बोलावयाचें होतें. दोन्हींपैकीं एकही ओठांवाटे निघेना. धाकटीच पुढें होऊन माझ्या पायां पडली. म्हणाली, "बाबा, तुम्हीं मला शिकवलेंत. शेत विकूं नका." एवढेंच. तिनें मला क्षमा केली कीं नाहीं, हें मी तिला कधीं विचारणार नाहीं. विचारण्याचा अधिकार मला नाहीं. परंतु ज्या मुलीच्या बाबतींत मी गाडीची वेळ पाहून आलों होतों, तिनें त्या रात्रीं मला खोटी आशा न देतां खरें सांगितलें, आणि तें सांगण्याचें धैर्य तिनें कोणाकडून घेतलें, याविषयीं मला आतां संशय नाहीं.

थोरलीला मीं उत्तर लिहिलें, कीं आम्ही येत नाहीं. तूंच दिवाळींत ये, आईला तुझा आवाज ऐकावयाचा आहे. त्या प्रयोगांविषयींचा माझा आदर मात्र कमी झालेला नाहीं. टोरांटोच्या त्या पांच रुग्णांनीं आणि वेस्ट व्हर्जिनियांतल्या तिघांनीं आपलें डोकें पुढें केलें, तें स्वतःच्या लाभाची खात्री नसतांना. त्यांच्यामुळें कदाचित् एखाद्या दिवशीं हें यंत्र लहान होईल, स्वस्त होईल, आमच्या जिल्ह्याच्या गांवींही येईल. रोगाचा पहिला शब्द हरवतांच एखाद्या गृहिणीस तेथें नेतां येईल, आणि तिच्या नवऱ्यास 'आपण कोणाकडचे' हें ऐकावें लागणार नाहीं. तें यंत्र आलें, तर त्यावरही बारीक नजर ठेवावी लागेल. ध्वनीचा त्यांत कांहीं दोष नाहीं. तो जेथें एकवटावा तेथें एकवटतो. नेम धरणारे आपण.

हल्लीं रोज सायंकाळीं मी तंबोरा जुळवितों. मुद्दामच पंचम थोडा उतरलेला ठेवितों. शेजारच्या खोलींतून, न चुकतां, आवाज येतो, "पंचम उतरला आहे हो." मी खुंटी पिळतों आणि विचारतों, "आतां?" ती डोळे मिटून क्षणभर ऐकते. "आतां बरोबर," ती म्हणते. मग तारा घुमत राहतात, आणि मला न कळणारा तो गंधार तिला ऐकूं येत असतो.